आसारी धरणारे हात

येवल्यात पतंग एकट्याने उडत नाही. म्हणजे गल्लीतली लहान पोरं उडवतात तशी. पण संक्रांतीच्या तीन दिवसांत गच्चीवरून चढतो तो पतंग दोन माणसांचा असतो. एकाच्या बोटांत मांजा आणि त्याच्या पाठीमागे दुसऱ्याच्या हातांत आसारी, म्हणजे मांजा गुंडाळलेली फिरकी. आमच्या गच्चीवर मांजा अण्णांच्या नाहीतर दादाच्या बोटांत असायचा. आसारी माझ्याकडे. सातव्या-आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत, पंधराएक संक्रांती, मी आसारी धरली.

आसारी धरणाऱ्याला पतंग फारसा दिसत नाही. समोर उडवणाऱ्याची पाठ, वर डोळ्यांत घुसणारं ऊन, खाली गल्लीत हलकडीचा ताल. ढील दिली की आसारी तळहातांवर गरगर फिरते, तिला फिरू द्यायचं. खेच घेतली की थोपवायची आणि सुटलेला मांजा गुंता न होता गुंडाळून घ्यायचा. एवढंच काम. पण ते करता करता हातांना काही कळायला लागतं. पतंग स्थिर आहे की डोलतोय, वरचा वारा खालच्या वाऱ्यापेक्षा जोराचा आहे की पडलाय, हे मांज्याच्या ओढीतून आसारीत आणि आसारीतून तळहातात उतरतं. पेच लागला की बारीक थरथर येते. शेजारच्या गच्चीवरून ‘वकाट!’ अशी आरोळी उठायच्या आधी ओढ एकदम मरते, आणि आपला पतंग गेला हे मला मान वर न करता कळलेलं असायचं.

मी कधी मांजा मागितला नाही असं नाही. मागितला. ‘हात कापेल,’ असं उत्तर मिळालं, आणि दादाचे हात कापलेले होते तरी ते उत्तर मला पटलं, कारण घरातल्या सगळ्यांना पटलेलं होतं. अण्णा वाईट नव्हते. मुलीने आसारी धरायची, हे त्यांच्यासाठी मुलीने रांगोळी काढायची इतकं साधं होतं. तरी ती गोष्ट माझ्या मनात राहिली, आणि पुष्कळ वर्षं राहिली.

*

पतंगाला बांधून घेऊन पाण्यावरून धावणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती गोव्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर. एप्रिलची दुपार होती. मी शाळेत भूगोल शिकवते. ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ यांची आकृती फळ्यावर मी किती वेळा काढली असेल, मोजदाद नाही. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा जमिनीकडे येते. त्या दुपारी वायव्येकडून आलेला तोच खारा वारा दहा-बारा रंगीत पतंगांना आभाळात धरून होता, आणि प्रत्येकाच्या खाली एक माणूस फळीवर उभा राहून लाटा कापत चालला होता. माझी आकृती डोळ्यांसमोर जिवंत झाली होती. मी तासभर वाळूत बसून राहिले. त्यांच्यात तीन बायका होत्या. एक माझ्याहून मोठी असावी.

त्यानंतर चार वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, साठलेली रजा टाकून हा खेळ, म्हणजे काइटसर्फिंग, शिकायला मी तामिळनाडूच्या किनाऱ्याला निघाले. जुलै महिना होता. घरातल्यांना वाटलं, पावसाळ्यात समुद्रावर कोण जातं! कोकणापुरता त्यांचा प्रश्न बरोबरच होता. जून-जुलैत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, वारा झोडपत येतो आणि सोबत पाऊस आणतो. पण हाच नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्री आणि त्याच्या दक्षिणेकडचे डोंगर ओलांडून पलीकडे उतरतो तेव्हा पाणी अलीकडेच टाकून आलेला असतो. रामनाथपुरम जिल्हा त्या पर्जन्यछायेत येतो. तिथे जुलैत आभाळ कोरडं असतं आणि वारा मात्र दिवसच्या दिवस एकाच दिशेने वाहत राहतो. पतंगाला आणखी काय हवं?

पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत रेल्वे, पुढे बस. नागरकोविलहून तिरुनेलवेलीच्या रस्त्याला लागलं की आरल्वायमोळीच्या खिंडीत डोंगर दोन्ही बाजूंना सरकतात आणि मुप्पंदलच्या पवनचक्क्या सुरू होतात. माणसाने हजारोंच्या संख्येने वाऱ्याला लावलेले हात! दोन डोंगरांच्या फटीतून जाताना वारा चिंचोळ्या पात्रातल्या नदीसारखा वेग घेतो, म्हणून त्या तिथे आहेत. बसच्या उघड्या खिडकीतून वारा असा आत शिरला की समोरच्या आजीबाईंच्या केसांतला गजरा सुटून माझ्या मांडीवर आला. त्यांनी हसून तो परत माळला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हटलं. शेजारच्या मुलीने मला इंग्रजीत समजावलं: आडी महिन्याच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो. पाटा म्हणजे वाटण वाटायचा दगडी पाटा. आडी हा त्यांचा महिना जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्या म्हणीने मला जेवढा धीर दिला तेवढा हवामानाच्या कुठल्याही नकाशाने दिला नसता.

तुतुकुडीला एक रात्र काढली. सकाळी मिठागरांवर गेले. खारं पाणी वाफ्यांत आणून ऊन आणि वाऱ्याकडे सोपवायचं, ही आपल्या उरण-पेणकडची रीत इथेही आहे. बंदरात लाकडी ‘तोणी’ उभ्या होत्या. या जहाजांनी कोलंबोपर्यंत माल नेला, आणि अगदी कालपरवापर्यंत तो शिडांच्या बळावर नेला. ज्या वाऱ्यावर मी खेळायला आले होते, त्याच्यावर या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं आहे. हे मला तिथे नीट दिसलं, आणि पुढचे सगळे दिवस ते ध्यानात ठेवायचा मी प्रयत्न केला.

तिथून पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने वेंबार, सायलकुडी, कीळकरै. डावीकडे काटेरी बाभूळवन, उजवीकडे ताडांच्या रांगा आणि त्यांच्या आड मन्नारचं आखात. शेंडे सगळे ईशान्येला फिरलेले. अशा रस्त्यावर होकायंत्राची गरज पडत नाही.

*

पांबनचा पूल लागतो तिथे बसमधले सगळे जण एका बाजूला होऊन बाहेर बघतात. उंच रस्तापुलावरून खाली रेल्वेचे दोन पूल दिसले. १९१४ साली सुरू झालेला जुना, आणि त्याच्या कडेला २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला गाळा जहाजं जाताना सरळ वर उचलला जातो. जुन्या पुलाची एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. पुलावर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र होतं आणि ते सिग्नलला जोडलेलं होतं. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल, गाडी थांबणार. ५८ किलोमीटर म्हणजे साधारण ३१ नॉट; नॉट हे समुद्रावरचं वेगाचं माप. त्या बसमध्ये मी पहिल्यांदा किलोमीटरचे नॉट केले. पुढे ती सवयच लागली.

रामेश्वर आमच्या घरात होतंच. आजीच्या देव्हाऱ्यात एका पितळी डबीत सेतूची वाळू होती, तिच्या सासूने आणलेली. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि इथली वाळू प्रयागला नेऊन सोडायची, तेव्हा यात्रा पुरी. त्या सासूची यात्रा अर्धीच राहिली, म्हणून वाळू डबीत राहिली. पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ती गोष्ट आजी सांगायची तेव्हा डबीकडे बघून सांगायची. देवळात जाऊन आले, बावीस तीर्थांचं पाणी अंगावर घेतलं, लांबच लांब ओवऱ्यांतून चालले. पण माझं मन वाळूकडे होतं.

शिकवणारा मुलगा पंचविशीचा, इथल्याच मच्छीमार कुटुंबातला. मला पहिल्या वाक्यापासून ‘अक्का’ म्हणाला. त्याने पहिला अर्धा दिवस मला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. वाळूत उभं करून वारा कुठून येतोय ते विचारलं. मी हात करून नैर्ऋत्य दाखवली. मग त्याने मला आजूबाजूच्या गोष्टी बघायला लावल्या: पाण्यावरच्या सुरकुत्या कुठे गडद होतात, मच्छीमारांच्या झोपड्यांमागे वारा कसा तुटतो, वाळूचे कण कुठल्या उंचीवर उडतात. वारा किनाऱ्यावरून समुद्राकडे जात असेल तर पतंग काढायचा नाही, कारण मग काही बिघडलं तर तो तुम्हाला घेऊन बाहेर जाईल. तो सरळ किनाऱ्यावर येत असेल तरी काढायचा नाही, कारण मग तो तुम्हाला जमिनीवर आपटेल. वारा हवा किनाऱ्याला समांतर, किंवा जरासा तिरका. म्हणूनच आमची जागा वाळूच्या एका लांब पट्ट्याच्या आडोशाला होती. कमरेएवढं पाणी, लाट नाही, आणि वारा आडवा.

खेळ नवा आहे. पण पतंगाला ओढायला लावायची कल्पना जुनी. १९०३ मध्ये सॅम्युएल कोडी नावाचा माणूस पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडून गेला होता. अडचण होती ती पाण्यात पडलेल्या पतंगाची. कापड भिजलं, बुडालं, की खेळ संपला. ब्रिटनी हा फ्रान्सचा वाऱ्या-लाटांचा किनारा; तिथल्या ब्रूनो आणि दोमिनिक लेगेन्यू या दोन भावांनी १९८४ मध्ये हवा भरायच्या नळ्यांच्या पतंगाचं पेटंट घेतलं. पुढच्या कडेला एक जाड नळी, तिला जोडलेल्या आडव्या नळ्या, सगळ्यांत पंपाने हवा. असा पतंग पाण्यावर तरंगतो आणि एका बाजूची दोरी ओढली की वारा धरून पुन्हा उठतो. कागदी पतंग विहिरीत पडला की तो गेला, हे शिकत मोठी झालेली मी. नऊ चौरस मीटरचा पतंग पाण्यातून स्वतःहून उठताना पाहिला तेव्हा तोंडातून आवाज निघाला नाही. त्या दोघा भावांनी जी गोष्ट सोडवली ती पडण्याची होती, आणि पडल्यावर उठता येतं म्हणूनच माझ्यासारखीला हे शिकता आलं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रावर या शर्यती झाल्या, सिंगापूरच्या सतरा वर्षांच्या मॅक्स मेडरने कांस्य जिंकलं. तिथले पतंग नळीचे नव्हते, पण हा खेळ तिथवर पोचला त्यात त्या फुगवलेल्या नळीचा वाटा मोठा आहे.

पतंगाला चार दोऱ्या. प्रत्येक वीसेक मीटर लांब. मधल्या दोन कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, अडकतात आणि सगळा भार घेतात. कडेच्या दोन हातातल्या दांड्याच्या टोकांना. या दांड्याला सगळे बार म्हणतात. उजवं टोक ओढलं की पतंग उजवीकडे. बार छातीकडे घेतला की पतंगाचा मागचा भाग खाली येऊन वारा जास्त धरतो. लांब ढकलला की वारा सुटतो. आणि पतंग आभाळात कुठे आहे यावर सगळं अवलंबून. डोक्यावर असेल तर तो शांत, नुसता तरंगतो. कडेला, पाण्यालगत असेल तरीही सौम्य. पण वाऱ्याच्या दिशेने बरोबर समोर, मधोमध आला की त्याची ताकद एकवटते. शिवाय वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटचा वारा २४ झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. हे मी मुलांना सूत्र म्हणून सांगत आले होते. तिसऱ्या दिवशी ते अंगावर आलं.

त्या दिवशी फळी नव्हती, नुसतं पतंगामागे पाण्यातून ओढलं जायचं होतं. वाऱ्याची एक झुळूक जोरात आली, पतंग मधोमध उतरला, आणि घाबरून मी जे केलं ते प्रत्येक नवखा करतो: आधार म्हणून बार छातीशी घट्ट ओढला. म्हणजे नको त्या क्षणी सगळी ताकद मागून घेतली. मी पाण्याबाहेर उचलली गेले, पुढे फेकली गेले, तोंडावर आपटले. नाकातोंडात खारं पाणी, कानात घण. मागून तो ओरडत होता, ‘विडुंगा, अक्का, विडुंगा!’ मला तमिळ येत नाही, पण त्या क्षणी अर्थ लागला. सोडा. मी बार सोडला. पतंग लगेच सैल पडला, पाण्यावर हलकेच टेकला आणि तिथेच डुलत राहिला.

उभी राहिले तेव्हा पाणी कमरेएवढंच होतं. खोकला थांबेना आणि रडू येत होतं. भीतीचं तर होतंच; पण पंधरा वर्षं ज्या गच्चीवर दर दोन मिनिटांनी ‘ढील दे’ ऐकलं, ती गोष्ट मी गरजेच्या वेळी विसरले, याचंही होतं. अण्णा सांगायचे की जोराच्या वाऱ्यात ताणून धरणारा आधी तुटतो.

संध्याकाळी दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘आसारी कोण धरतं तिथे?’

मी म्हटलं, ‘कुणी नाही. आपल्याच कमरेला असते.’

‘मग जप,’ दादा म्हणाला.

*

दादाला जे सांगायचं राहिलं ते असं, की एकटं तिथेही कुणी उडवत नाही. पतंगात हवा भरली, दोऱ्या अंथरल्या, तपासल्या, की वाऱ्याच्या आडव्या बाजूला कुणीतरी पतंग धरून उभं राहावं लागतं. उडवणारा दोऱ्या ताणतो, पतंगाच्या कापडाची फडफड थांबते, तो अंगठा वर करतो, आणि मगच धरणाऱ्याने सोडायचं. वर फेकायचं नाही, नुसते हात काढून घ्यायचे. उतरवतानाही तसंच, कुणीतरी खाली थांबून झेलायचं. वीस वर्षं हा खेळ खेळणाराही त्या दोन क्षणांना दुसऱ्याच्या हातांवर असतो, आणि ते हात बहुतेक वेळा अनोळखी असतात. पुदुच्चेरीचा एक डॉक्टर, एक पोलिश जोडपं, बंगळूरच्या दोघी बहिणी. माझी सगळ्यांशी ओळख अशीच झाली. पहिल्या दिवसापासून हे काम मला येत होतं. दोरी एका बाजूला सैल आहे हे मला पतंग धरलेल्या हातात कळायचं आणि मी मान हलवून नको म्हणायचे. दोनदा खरंच दोरीला गाठ निघाली. तिसऱ्या दिवसानंतर माणसं पतंग घेऊन मला शोधत येऊ लागली.

दुपारी ऊन टोकाला गेलं की आम्ही धनुष्कोडीच्या वाटेला जायचो. आता टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे. वाटेत चर्चच्या उभ्या भिंती, रेल्वे स्टेशनचे अवशेष. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळाने हे गाव आणि स्टेशनाकडे येत असलेली गाडी, आतल्या शंभरांहून जास्त माणसांसकट, समुद्रात ओढून नेली. गावाला पुन्हा वस्तीची परवानगी मिळाली नाही. मी मुलांना वाऱ्याबद्दल सांगते तेव्हा पवनचक्की सांगते, शीड सांगते, मळणीनंतर उपणणी सांगते. यापुढे धनुष्कोडीही आधी सांगेन. त्या भिंतींजवळ उभं राहिलं की कानाशी वाहतो तो वारा सकाळचाच असतो, वीस नॉटचा, खेळायला लायक. आणि तरी तिथे आम्ही कुणी मोठ्याने बोललो नाही.

टोकाला दोन समुद्र भेटतात. उजवीकडे मन्नारचं आखात, डावीकडे पाल्कची खाडी. इथले लोक एकाला ‘आण कडल’ म्हणतात, दुसऱ्याला ‘पेण कडल’: पुरुष समुद्र आणि बाई समुद्र. जुलैत आखात उसळत असतं आणि खाडी तळ्यासारखी पडलेली. पण ईशान्य वारे सुरू झाले की खाडीच्या बाजूला लाटा उठतात आणि आखात निवतं. नावं मात्र तीच राहतात. मी त्या मुलाच्या आईला विचारलं की बाई समुद्र डिसेंबरात एवढा खवळतो, मग त्याला बाई का म्हणता? तिने सांगितलेलं त्याने मला भाषांतर करून दिलं: शांत दिसते म्हणून तिचा अंदाज चुकतो आणि माणसं जातात. ती स्वतः तरुणपणी शेवाळ काढायला बुडी मारायची. डोळ्यांना काच, पायाला पत्र्याची चकती, हातात कापड गुंडाळलेलं, आणि कमरेला पिशवी. तिचे तळवे मी हातात घेऊन पाहिले. खडकांनी केलेल्या जुन्या रेघांनी भरलेले.

त्याच किनाऱ्यावर एका सकाळी करैवलै चालू होती. कोकणात आपण ज्याला रापण म्हणतो तीच. जाळं होडीने अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी ओढायचे. रापण चालू असताना त्या पट्ट्यात पतंग काढायचा नाही, हा आमच्या शिकवणाऱ्याचा पहिला नियम होता. ताणलेली दोरी सुरीसारखी कापते. तिला काच लागत नाही. येवल्यात नायलॉन मांज्याने घारी-कबुतरांचे पंख आणि दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापले गेलेले मी पाहिले आहेत. हरित लवादाने २०१७ मध्ये त्याच्यावर बंदी आणली, तरी तो मिळतो, आणि दर संक्रांतीला माझ्या सणाला डाग लागतो. म्हणून त्या मुलाचा तो कडकपणा मला फार आवडला. त्या सकाळी पतंग गुंडाळून ठेवून आम्ही सगळे दोराला लागलो. दोर ओला, काथ्याच्या पिळाचा, जड. पंधरा मिनिटांत हात सोलवटले. जाळ्यात फार मासळी नव्हती. तरी मिळाली त्यातली दोन माशांची जोडी त्यांनी आम्हाला दिली, आणि नको म्हटलेलं ऐकलं नाही.

*

फळीवर उभं राहणं मला आठव्या दिवसापर्यंत जमलं नाही. पतंग खाली झोकायचा, तो ओढेल त्या क्षणी पाय सरळ करायचे, उभं राहायचं. सांगायला तीन गोष्टी आहेत आणि त्या एकाच श्वासात व्हायला लागतात. मी दर वेळी पतंगाकडे बघत राहायचे आणि मागच्या बाजूला पाण्यात बसायचे. तो म्हणाला, ‘अक्का, पतंग बघू नका. जायचं आहे तिकडे बघा.’ मी म्हटलं, ‘न बघता कसं कळणार तो कुठे आहे?’ तो हसला. ‘कळेल.’

नवव्या दिवशी दुपारनंतर वारा अठरा नॉटला स्थिर झाला. मी पाण्यात पाठीवर तरंगत होते, फळी पायांत, पतंग डोक्यावर. मुद्दाम मान खाली घेतली. समोर लांब वाळूचा पट्टा होता आणि त्याच्या टोकाला एक वाकलेला ताड. त्या ताडावर नजर ठेवली आणि हातांकडे लक्ष दिलं, म्हणजे तळहातांकडे.

आणि मग ते आलं. बारमधून. बारीक, ओळखीची ओढ. पतंग माझ्या डोक्यावरून किंचित डावीकडे कलला होता, हे मला तेवढंच स्पष्ट कळलं जेवढं गच्चीवर अण्णांच्या पाठीमागे कळायचं. मी डावं टोक ओढलं. ओढ भरत गेली, भरत गेली, भरली. मी बार जरासा सोडला, ढील दिली, आणि पाय सरळ केले.

फळीखाली पाणी एकदम टणक झालं. पूर्वी प्रत्येक वेळी पाणी मऊ होतं, मी त्याच्यात बुडत होते. आता ते रस्त्यासारखं झालं आणि फळीच्या कडेने त्याच्यावर एक रेघ ओढली जाऊ लागली. आवाज झाला, कात्रीने नवी साडी कापताना होतो तसा. ओढ मधेच ढिली पडली तेव्हा पतंग पुढे फार धावलाय हे हातांनी ओळखलं आणि त्याला परत खाली घेतलं. ताड जवळ येत होता. मी एकदाही वर पाहिलं नाही.

किती अंतर असेल? शंभर मीटर, फार तर दीडशे. शेवटी पाणी उथळ झालं, फळी वाळूला लागली आणि मी गुडघ्यांवर पडले. पतंग वर स्थिर होता. दूरवरून त्या बंगळूरच्या बहिणी ओरडत होत्या. मी तशीच पाण्यात बसून राहिले. पंधरा संक्रांती ज्या हातांना मांजा मिळाला नव्हता त्यांनी वाया काही घालवलं नव्हतं. अण्णांना हे सांगायला हवं होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली.

*

परतताना मी रेल्वे घेतली नाही, किनाऱ्याच्या रस्त्यानेच उत्तरेला गेले. देवीपट्टिणम, तोंडी, मीमिसल. मल्लिपट्टिणमजवळ एक बुरूज आहे, तो बघायचा होता. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून १८१४-१५ मध्ये तो बांधला. इंग्रजांच्या मर्जीत राहावं लागणाऱ्या राजाने बांधलेली इमारत, त्यामुळे ती बघताना मनात थोडी कालवाकालव होते. पण त्याचं नाव आजही तिथल्या सगळ्यांच्या तोंडी ‘मनोरा’ आहे. रिक्षावाला, चहावाला, शाळेतली पोरं, सगळे मनोराच म्हणतात, आणि हा शब्द मराठी आहे हे त्यांच्यातल्या कुणाला माहीत नसतं. घरापासून इतक्या लांब, पाल्कच्या खाडीच्या कडेला, माझ्या भाषेतला एक शब्द दोनशे वर्षं वारा खात उभा आहे. याच राजांनी रामेश्वराच्या वाटेवर ओरत्तनाडूला यात्रेकरूंसाठी छत्र बांधलं होतं, मुक्तांबा या आपल्या प्रेयसीच्या नावाने. आजीची ती सासू इथपर्यंत आली तेव्हा कदाचित तिथेच जेवली असेल.

मनोऱ्याभोवती मोकळं मैदान आहे. वारा मागून, जमिनीकडून समुद्राकडे. इथे माझा पतंग काढता आला नसता. पण कागदी पतंग उडत होते, चार-पाच, कारण आडी महिना हा तमिळ मुलांचाही पतंगांचा हंगाम. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा एकटाच धडपडत होता. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर साधा शिवणाचा दोरा गुंडाळलेला, ती बाटली तो गुडघ्यांत धरायचा, दोन्ही हातांनी दोरा सोडायचा, बाटली निसटून पडायची. मी थोडा वेळ पाहिलं. मग जाऊन त्याच्या मागे उभी राहिले आणि हात पुढे केले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, बाटली माझ्या हातांत दिली आणि समोर वळला.

पतंग उठला असणार, कारण बाटली तळहातांत फिरायला लागली. ऊन डोळ्यांवर होतं, समोर त्याची छोटी पाठ, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर सुटलेली शर्टाची शिवण. दोरा ताणला, थरथरला. वर कुणाशी तरी पेच लागला होता.

‘ढील दे,’ मी म्हटलं.

त्याने ढील दिली.